पांढरीची माती आणि गुहेतला गेरू



आजच्या विषयाला निमित्त झालं ते एका वाक्याचं. आमचे एक जुने सहकारी मुलाकडे युरोपला गेले होते. तिथून त्यांनी फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य नावाचा भाग पाहिला. व्हेझेर नदीच्या खोऱ्यातल्या गुहा, त्यांतली घोड्यांची, गव्यांची चित्रं, कड्यांच्या पोटात राहिलेल्या माणसांची वस्तीस्थानं, वस्तुसंग्रहालयं, सगळं त्यांनी चार दिवसांत पालथं घातलं. परत आल्यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यावर आठवडाभर तोच विषय. आम्हीही मन लावून ऐकलं. शेवटी उठताना गुडघ्यावर हात टेकवत ते म्हणाले, "काही म्हणा, आपल्याकडे असं काही नाही."

या एका वाक्यावर आज तासभर बोलणार आहोत. (हशा) हसू नका. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक वाक्य पुष्कळ होतं. आणि गुहेवर बोलायचं म्हटलं की तुम्ही प्लेटोची वाट पाहत असणार. त्याला आज सुट्टी दिली आहे.

'आम्ही' म्हणतो आहोत त्याचा खुलासा आधी करतो. एक तर आमच्या पिढीला 'मी, मी' म्हणणं जड जातं. दुसरं म्हणजे पुढे जे सांगणार आहोत ते आम्ही सहा निवृत्त लोकांनी मिळून पाहिलं, आणि त्यात जी चूक झाली तीही सहा जणांचीच. ती चूक सांगितल्याशिवाय आज खाली बसणार नाही.

तर, "असं काही नाही." यातला 'असं' म्हणजे नेमकं काय? सहकाऱ्यांना विचारलं, तुम्ही लास्को पाहिलं का? म्हणाले, पाहिलं. लास्कोची गुहा १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांना सापडली, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. महायुद्धानंतर ती लोकांसाठी उघडली. लोकांची रीघ लागली. माणसांच्या श्वासातला कर्बवायू, अंगाची ऊब, बाहेरून आलेला ओलावा यांमुळे भिंतींवर हिरवट शेवाळ आणि पांढरे थर चढू लागले. हजारो वर्षं अंधारात सुखरूप राहिलेली चित्रं पंधरा वर्षांत आजारी पडली. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८३ मध्ये शेजारीच तिची प्रतिकृती उभी राहिली आणि २०१६ मध्ये आणखी मोठी, जवळजवळ संपूर्ण गुहेची. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांनी जे 'असं' पाहिलं ती नक्कल होती.

त्यांना खोटं पाडण्यासाठी हे सांगत नाही. नक्कल पाहून ते भारावले, त्यात वावगं काही नाही. आपल्या अजिंठ्याच्या पायथ्याशीही अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत, त्याच हेतूने. मुद्दा एवढाच की त्यांच्या 'असं' या शब्दात गुहा थोडी आणि व्यवस्था जास्त होती. तिकीट, वेळ, वाटाड्या, काचेतली माहिती, बाहेर कॉफी. आपल्याकडे 'असं' नाही याचा खरा अर्थ, आपल्याकडे असं मांडून ठेवलेलं नाही.

आता दुसरी बाजू. असलं वाक्य ऐकलं की आपल्यातले काही जण लगेच उसळतात. "नाही कसं? आपल्याकडे त्यांच्याही आधीचं आहे." आणि मग यादी सुरू होते. ती यादी खोटी नाही. मिर्झापूरच्या डोंगरांत आर्चिबाल्ड कार्लाइल या पुरातत्त्व खात्यातल्या अधिकाऱ्याने १८६७-६८ मध्ये शैलचित्रं पाहिली आणि ती फार प्राचीन असावीत असं टिपून ठेवलं. स्पेनमधल्या अल्तामिराची चित्रं प्रकाशात आली १८७९ मध्ये. तिथेही पंडितांनी वीस-बावीस वर्षं ती खोटी ठरवली. कार्तेलाक नावाच्या मोठ्या फ्रेंच विद्वानाने १९०२ मध्ये जाहीर माफीवजा लेख लिहिला तेव्हा कुठे ती मान्य झाली. भीमबेटका आपले विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये शोधलं आणि २००३ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. आणि आपल्या उंबरठ्यावरच म्हणाल तर मोर्शीच्या पलीकडे, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की बैतूल जिल्ह्यात धारूलजवळ अंबादेवीचा परिसर आहे. तिथे २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना पहिला चित्रित शैलाश्रय दिसला. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी शंभरावर शैलाश्रय नोंदवले. शनिवार-रविवार पाहून, पदरचं पेट्रोल घालून. त्यांचं ऋण मोठं आहे.

पण ही यादी म्हणून दाखवली की काम झालं असं वाटतं, तिथे आमची हरकत आहे. "आपल्याकडे काही नाही" म्हणणारा पाहायला जात नाही, कारण पाहण्यासारखं काही नाही. "आपल्याकडे सगळं आधीचं आहे" म्हणणाराही पाहायला जात नाही, कारण त्याला ते आधीच माहीत आहे. एकाला न्यूनगंड, दुसऱ्याला अहंगंड, आणि दोघांच्याही चपला घरातच. आजची आमची टीका आहे ती या न पाहण्यावर. आणि त्याहून जास्त, जाऊनही न पाहण्यावर.

कारण आम्ही गेलो. सहा जण, भाड्याची गाडी, घरून बांधून घेतलेल्या पोळ्या आणि झुणका. सालबर्डीची लेणी आधी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी धारूलकडे निघालो. हिवाळ्याचे दिवस होते, सागाची पानं गळायला लागली होती. वाट दाखवायला गावातला एक कोरकू तरुण होता. आमच्यात सर्वांत लहान सहासष्ट वर्षांचा, त्यामुळे तो दहा पावलं चालून थांबायचा आणि आम्ही येईपर्यंत बिडी ओढायचा. पहिल्या शैलाश्रयापाशी पोचलो तेव्हा कुणी बोललं नाही, कारण श्वासच उरला नव्हता. (हशा)

आणि पहिल्यांदा काय दिसलं? काहीच नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण प्रवासवर्णनं वाचून वाटतं की माणूस गुहेत शिरला आणि आदिमानवाच्या प्रतिभेने दिपून गेला. आम्ही दिपलो नाही. खडक होता, त्यावर पाण्याचे ओघळ, मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांचे डाग. पाच-सात मिनिटांनी डोळे स्थिरावले आणि एका डागाला पाय फुटले. मग शिंगं. मग शेजारी दुसरा प्राणी, मग त्यांच्यावर काढलेला तिसरा, वेगळ्या लाल छटेचा. तास गेला आणि भिंत भरून गेली. भिंत तीच होती, डागही तेच, आमचं पाहणं बदललं होतं.

विट्गेनस्टाइनचं ते प्रसिद्ध चित्र तुम्हाला आठवत असेल. १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या ग्रंथात आहे. एका बाजूने पाहिलं तर बदक, दुसरीकडून ससा. रेघ एकच. आपण नुसतं पाहत नसतो, 'म्हणून' पाहत असतो. बदक म्हणून, ससा म्हणून. वर्गात हे आम्ही तीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलं. पण त्या खडकासमोर ते आमच्यावरच उलटलं. आमच्यातले एक जण ओरडले, "जिराफ!" लांब मान, उंच पाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या क्षणापासून आम्हाला तो जिराफच दिसायला लागला, दुसरं काही दिसेना.

आता या परिसरातल्या चित्रांत जिराफासारखा प्राणी ओळखल्याच्या बातम्या पूर्वीही आल्या होत्या. आमचे मित्र त्या वाचून आले होते. म्हणजे जिराफ आधी वर्तमानपत्रात होता, मग डोळ्यात आला आणि शेवटी खडकावर गेला. चित्र काढणाऱ्या माणसाच्या काळात भारतात जिराफ होता याला हाडांचा पुरावा नाही. मग लांब मान कुणाची? आमच्याच महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली आहेत, त्यांतल्या एकावर कोरलेली नक्षीसुद्धा आहे. ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे शहामृग या भूमीवर होता. पण म्हणून आमच्या भिंतीवरचा तो शहामृग होता असंही म्हणता येत नाही, कारण भिंतीवरचं चित्र त्या काळचं आहे हे कुठे ठरलंय? ते लांब मानेचं हरिण असेल. चितारणाऱ्याने मान गंमत म्हणून ताणली असेल. जनावराची मान ताणायचा हक्क फक्त आजच्या चित्रकारालाच आहे का?

इथे दुसरा प्रश्न येतो, वयाचा. प्रत्येक गुहेपाशी तुम्हाला आकडा सांगितला जातो. दहा हजार वर्षं, पंधरा हजार, पंचवीस हजार. ऐकणाऱ्याला आकडा जितका मोठा तितकं समाधान. पण हा आकडा येतो कुठून? कार्बनची पद्धत वापरायची तर चित्रात कार्बन पाहिजे. फ्रान्समधल्या शोवे गुहेत काळी चित्रं लाकडी कोळशाने काढलेली आहेत, म्हणून त्यांचं वय मोजता आलं. आमच्या भिंतीवरचा लाल रंग म्हणजे गेरू, लोखंडाचं संयुग. त्यात कार्बन नाही. तुळशीवृंदावनाला आणि संक्रांतीच्या सुगडाला आपण जो गेरू लावतो त्याच कुळातला. तो बोलतच नाही किती वर्षांचा ते. मग अभ्यासक काय करतात? कुठलं चित्र कुठल्या चित्राच्या वर आहे ते पाहतात. वरचं नंतरचं, खालचं आधीचं. हत्तीवर बसलेला, तलवार घेतलेला माणूस असेल तर तो फार जुना नाही. जमिनीत खणून सापडलेल्या दगडी हत्यारांशी मेळ लावतात. हे सगळं कष्टाचं आणि सावध काम आहे. त्यातून क्रम मिळतो, आकडा क्वचितच मिळतो. आणि आपल्याला तर क्रम नको असतो, आकडा हवा असतो.

आता ती चूक. एका कोपऱ्यातलं चित्र फिकट होतं. आमच्यातल्या एकाने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि भिंतीवर मारलं. आणि मंडळी, काय सांगू, रंग असा उजळून आला की सहाच्या सहा जण "वा!" म्हणालो. फोटो काढले. अर्ध्या मिनिटात ते वाळलं आणि चित्र पुन्हा मागे गेलं. तो कोरकू तरुण बाजूला उभा होता. तो म्हणाला, "सर, थो लेखक-बिखक आला की असंच पानी मारते. मंग चित्र दरसाल थोडं थोडं कमी होते." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

पाणी मारलं की खडकातले क्षार विरघळतात, वाळताना पृष्ठभागावर येतात आणि रंगाला पांढरी साय धरते, नाहीतर रंगाची पापडी सुटते. हे आम्हाला माहीत नव्हतं का? लास्कोच्या ओलाव्यावर वर्गात बोललेली माणसं आम्ही. माहीत होतं. पण त्या क्षणी आम्हाला फोटो पाहिजे होता. लास्कोला लाखो लोकांच्या श्वासाने जे केलं ते इथे आम्ही एका ओंजळीत केलं. नक्कल पाहून आलेल्या आमच्या सहकाऱ्याला हसायचा अधिकार त्या दिवशी आमचा संपला. त्याने निदान कशाला इजा केली नव्हती.

आता थोडं सिद्धांतांविषयी. ही चित्रं का काढली? याची तीन-चार प्रसिद्ध उत्तरं आहेत. शिकार मिळावी म्हणून जादू, हे सर्वांत लोकप्रिय उत्तर. आपल्या पाठ्यपुस्तकांतून, मासिकांतून तेच फिरतं. पण लास्कोच्या माणसांनी खाऊन टाकलेली हाडं बहुतेक रेनडियरची निघाली आणि भिंतीवर आहेत घोडे, रानबैल, हरणं. रेनडियर जवळजवळ नाहीच. जे खात होते ते काढत नव्हते. मग दुसरं उत्तर आलं, चित्रांत नर-मादीची मांडणी आहे. मग तिसरं, अंगात आलेल्या भगताने पाहिलेली दृश्यं आहेत. प्रत्येक उत्तर ज्या काळात आलं त्या काळासारखं दिसतं. यातलं एकही आम्ही टाकून देत नाही. पण प्रत्येकजण उत्तर घेऊन गुहेत शिरला, हे लक्षात येतं.

इथे आम्हाला कॉलिंगवूड आठवतो. आर. जी. कॉलिंगवूड हा ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ, आणि हातात कुदळ घेतलेला पुरातत्त्वज्ञही. इंग्लंडमधल्या रोमन अवशेषांवर त्याने आयुष्य घालवलं. १९३९ च्या आत्मचरित्रात तो सांगतो, पहिल्या महायुद्धात लंडनमध्ये नोकरीला जाताना रोज त्याला एक स्मारक लागायचं, आल्बर्ट मेमोरियल. ते त्याला भयंकर कुरूप वाटायचं. रोज वाटायचं, असं कुणी का बांधावं? आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे कुरूप आहे असं म्हणण्याआधी, बांधणाऱ्याला काय साधायचं होतं हे मला माहीत आहे का? कुठलीही मानवी कृती हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न कळल्याशिवाय उत्तर कळत नाही. गुहेतल्या चित्राची अडचण अशी की आपल्या हातात उत्तर आहे आणि प्रश्न हरवला आहे. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? आपला प्रश्न तिथे घुसडू नये आणि हरवलेला प्रश्न शोधणं सोडूही नये. या दोन्हींच्या मधली जागा अवघड आहे. समीक्षा म्हणतात ती तिथेच राहते.

आणखी एका सवयीवर बोलायचं आहे. परतताना गाडीत आमच्यातले एक जण त्या तरुणाबद्दल म्हणाले, "हे लोक म्हणजे त्या चित्रकारांचेच वंशज. अजून तसेच राहतात." आम्ही शाळेपासून 'आदिमानव' आणि 'आदिवासी' हे शब्द जोडीने ऐकतो, त्याचा हा परिणाम. आपल्या जिल्ह्यात कोलाम पोडांवर जाणारे पाहुणेही असंच बोलतात, आपण काळाच्या मागे गेलो असं. योहानेस फाबियन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या सवयीवर पुस्तकच लिहिलं. समोरचा माणूस आपल्याच आजच्या दिवसात उभा आहे हे नाकारायचं आणि त्याला भूतकाळात ढकलायचं. त्या तरुणाच्या खिशात मोबाईल होता आणि पाणी मारू नये हे त्याला कळत होतं. मग मागासलेलं कोण?

तुम्ही म्हणाल, पण जुन्याचं काही आजच्यात टिकतच नाही का? टिकतं. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते दाखवलं. गणिती माणूस, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालायचा, दगडाच्या चिमुकल्या पात्या वेचायचा आणि जवळच्या शेंदूर फासलेल्या देवांशी त्यांचा संबंध लावायचा. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मध्ये हे सगळं आहे. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही. पण एक गोष्ट पाहा, कोसंबींना जुनं सापडलं ते फक्त आदिवासींच्या घरात सापडलं नाही. वारीच्या वाटेवर, आपल्या कुळाचाराच्या देवीपाशी, चौकातल्या उताऱ्यात सापडलं. म्हणजे आपल्यात. तुळशीवृंदावनाला गेरू लावणारी आमची आई त्या तरुणाइतकीच त्या चित्रकाराच्या जवळ किंवा लांब होती.

आता गुहेवरून आपल्या मातीकडे येतो. माहूर आपल्याला जवळ, पैनगंगा ओलांडली की आलं. तिथल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. भीमबेटका म्हणजे भीमाची बैठक. महाराष्ट्रात जुनं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलं आणि देऊळ असेल तर ते हेमाडपंती. शिकलेले लोक या नावांना हसतात. आम्हीही हसायचो. आता वाटतं, त्या नावात एक प्रामाणिकपणा आहे. "हे आमच्या आजा-पणजाने केलेलं नाही, कुणी केलं ते ठाऊक नाही, पण ज्यांनी केलं ते थोर होते," एवढंच ते नाव सांगतं. त्यात 'आम्ही तुमच्याआधीचे' असा तोरा नाही. 'एवढ्या हजार वर्षांपूर्वीचे आमचे गाव' असा मथळा देणाऱ्या बातमीपेक्षा पांडव बरे. (हशा)

आणि आपल्या भाषेत याहून सुंदर एक शब्द आहे, पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. जुन्या कागदांत 'काळी-पांढरी' हा जोडशब्दच येतो. गावाची जमीन पांढरी का? कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे मातीची घरं पडली, त्यावर पुन्हा बांधली, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं मिसळली आणि काळ्या जमिनीवर फिक्या मातीचं टेकाड झालं. म्हणजे आमच्या शेतकऱ्याने पुरातत्त्वज्ञ येण्याच्या कितीतरी आधी रंगावरून वस्ती ओळखली होती. आजही संशोधक उजाड पांढरी शोधत फिरतात.

विदर्भातल्या या जुन्या अवशेषांची नोंद करणाऱ्या आरंभीच्या लोकांत एक होता रिव्हेट-कार्नॅक. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं त्याने पाहिली, उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. तिथल्या दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची त्याने स्कॉटलंडमधल्या खुणांशी तुलना केली. हा गृहस्थ मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. आपल्या कापसाची प्रत ठरवायला आलेला साहेब आपल्या पूर्वजांची थडगी मोजत होता. कापूस तिकडे मँचेस्टरला गेला आणि थडग्यांची वर्तुळं इथे राहिली. त्यांतलीही बरीच आता राहिली नाहीत. दगड उचलायला सोपे, रस्त्याला खडी लागतेच.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यातलं पाचखेड. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये गावाजवळच्या पांढरीत उत्खनन केलं. आठ मीटरहून अधिक जाडीचा थर निघाला. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग आणि सगळ्यात वर निजामकाळातल्या टेहळणीच्या जागेच्या खुणा. नमुने दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरला गेले आणि खालच्या वस्तीचं वय सुमारे तीन हजार वर्षं निघालं. इथे आकडा मिळाला, कारण जळलेलं लाकूड मिळालं. एक गोल घर मिळालं, चुन्याची जमीन, खांबांच्या जागा आणि चूल.

चूल! हत्ती नाही, राजा नाही, जिराफ नाही. कुणाच्या तरी घरातली चूल. दोर्दोन्यमध्ये गव्याच्या चित्रापुढे आमचे सहकारी जसे उभे राहिले तसं या चुलीपुढे उभं राहायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. गुहेतलं चित्र कुणी का काढलं, हा प्रश्न हरवला. पण चूल कशासाठी होती हा प्रश्न कधीच हरवला नाही. तो आज संध्याकाळी आपल्या घरी पुन्हा पेटणार आहे. कॉलिंगवूडला हवा असलेला प्रश्न आणि उत्तर इथे एका जागी सापडतात. आमच्या मते 'आपल्याकडे काय आहे' याचं खरं उत्तर हे आहे.

पण आता शेवटची गोष्ट. आमचं बालपण ज्या खेड्यात गेलं त्याच्या शेजारीही एक उजाड पांढरी होती. दर उन्हाळ्यात बैलबंडी घेऊन लोक तिथली माती आणायचे. शेतात टाकायला, कारण ती खतासारखी चालते. घराच्या भिंती सारवायला, कारण ती चिकट आणि उजळ असते. आम्हीही वडिलांबरोबर बंडीवर बसून जायचो. माती खणताना खापरं निघायची, लाल, काळी, कधी आत काळी नि बाहेर लाल. आम्ही पोरं ती नदीत भाकरीसारखी टप्पे खात फेकायचो. कुणाचं किती टप्पे जातं याची शर्यत. आत काळी, बाहेर लाल ही भांडी लोहयुगाची ओळख आहे, हे आम्हाला पन्नाशीत कळलं. तोवर ते टेकाड सपाट झालं होतं. आज तिथे तूर उभी आहे. त्या गावाच्या तीन हजार वर्षांपैकी काही आम्ही नदीत फेकली, उरलेली वडिलांनी शेतात पसरली आणि त्यावर आलेल्या कापसाच्या पैशांतून आम्ही कॉलेजला गेलो. तत्त्वज्ञान शिकलो.

म्हणून शेतकऱ्याला दोष देणाऱ्या भाषणांत आम्ही सामील होत नाही. ज्याच्या पिकाला भाव नाही त्याने फुकटचं खत सोडावं हे सांगणं सोपं आहे. तिकीट लावा, भिंत घाला, पाटी लावा, हेही पुरेसं नाही. सालबर्डीला आणि माहूरलाही जायला रस्ता आहे, तरी आम्ही दोन्हीकडे लोकांनी कोरलेली नावं पाहिली. पाटी डोळ्यांना वाचता येते, पण त्याने पाहणं येत नाही.

मग करायचं काय? आमची मागणी लहान आहे. ज्या गावाला पांढरी आहे त्या गावच्या शाळेने वर्षातून एकदा मुलांना तिथे न्यावं. मुलांनी खापर उचलावं, पाहावं, वहीत काढावं आणि तिथेच ठेवावं. रस्ता किंवा शेततळं खणताना काही निघालं तर ग्रामपंचायतीने पंचनामा करून तहसीलला आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. आणि आमच्यासारख्या हौशी म्हाताऱ्यांनी गुहेत जावं, जरूर जावं, पण तिथे पाण्याची बाटली फक्त पिण्यासाठी उघडावी. मोबाईल खिशात ठेवून निदान एक तास डोळ्यांनी पाहावं. फिकं चित्र फिकंच पाहावं. ते फिकं दिसतं, कारण ते तेवढं दूरचं आहे. ते उजळ करून घेणं म्हणजे ते अंतर नाकारणं.

गेल्या महिन्यात आमच्या त्या सहकाऱ्यांना घेऊन आम्ही पाचखेडला जाऊन आलो. उन्हात टेकाडापाशी उभे राहून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता म्हणतील इथे तर काहीच नाही. तेवढ्यात एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, "बापा, तुमी काय पाहासाठी आले? इथं तं नुसती पांढरी हाय."

आमचे सहकारी म्हणाले, "हो बाई, तेच पाहायला आलो."